खेळाचा हंगाम कुणी ठरवायचा?

जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी रात्रीची जेवणे आटोपली, की कॉलेजात जाणारा नातू दूरचित्रवाणीसमोर बसतो आणि इंग्लंडमधला फुटबॉलचा सामना लावतो. पडद्यावर बारीक बर्फ भुरभुरत असते. प्रेक्षक कानटोप्या आणि मफलर गुंडाळून बसलेले असतात आणि अर्ध्या चड्डीतली बावीस माणसे तोंडातून वाफा सोडत चेंडूमागे धावत असतात. शेजारी वाती वळत बसलेली आजी क्षणभर पाहते आणि विचारते, ''अरे, एवढ्या थंडीत कशाला खेळवतात रे यांना? उन्हाळ्यात खेळले तर काय बिघडेल?''

नातू हसतो. पण आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फुटबॉलची साखळी स्पर्धा हिवाळ्यात खेळवावी की उन्हाळ्यात, याचा काथ्याकूट जगभरचे फुटबॉल संघटक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. जपान आणि अमेरिका या दोन देशांनी तर अलीकडेच आपले जुने उत्तर बदलण्याचा निर्णय घेतला. तेव्हा आजीच्या प्रश्नाचा नीट विचार करायला हवा.

इंग्लंडमध्ये फुटबॉल हिवाळ्यात का, याचे उत्तर बऱ्याच अंशी क्रिकेटमध्ये सापडते. उन्हाळा तिथे क्रिकेटने आधीच अडवून ठेवला होता. १८५७ साली शेफील्ड फुटबॉल क्लब काढला तो क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींनीच. त्याच गावातल्या वेन्सडे क्रिकेट क्लबने १८६७ मध्ये फुटबॉलची शाखा उघडली, ती हिवाळ्यातही सभासद एकत्र राहावेत म्हणून. आजचा शेफील्ड वेन्सडे तो हाच. पुढे १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली तीही सप्टेंबरात, म्हणजे क्रिकेटच्या बॅटी कपाटात जाण्याच्या सुमारास. आपल्या जुन्या क्रिकेटवेड्या वाचकांना डेनिस कॉम्प्टन आठवत असेल. हा गृहस्थ उन्हाळ्यात मिडलसेक्सकडून धावांचा पाऊस पाडी आणि हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल खेळे. दोन ऋतू, दोन खेळ आणि खेळाडू एकच, अशी ती सोयीची वाटणी होती.

या वाटणीची किंमतही इंग्लंडने मोजली आहे. १९६२-६३च्या हिवाळ्यात तिथे इतके बर्फ पडले, की मैदाने आठवडेच्या आठवडे दगडासारखी गोठून राहिली. एफ. ए. कप स्पर्धेची तिसरी फेरी ५ जानेवारीला सुरू व्हायची होती, ती संपायला ११ मार्च उजाडला. एक फेरी पुरी व्हायला ६६ दिवस लागले! हॅलिफॅक्स गावच्या क्लबने गोठलेले मैदान लोकांना चक्क बर्फावर घसरण्यासाठी खुले केले. मौज अशी, की सामन्यांचे निकाल ओळखून कूपन भरण्याचा जो जुगार तिथे चालतो, तो बंद पडू नये म्हणून एक पंचमंडळ नेमण्यात आले. न झालेल्या सामन्यांत कोण जिंकले असते, हे त्या मंडळाने ठरवायचे! एवढे होऊनही इंग्रजांनी हंगाम बदलला नाही. कारण नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबाने मिळून सामन्याला जायचे, ही त्यांच्या घराघरांतली रीत झाली होती. हंगाम एकदा सणावारात मिसळला, की तो केवळ वेळापत्रकाचा विषय राहत नाही.

पण ज्यांचा हिवाळा याहून कठोर, त्यांनी वेगळा विचार केला. नॉर्वेची साखळी वसंतात सुरू होते आणि नोव्हेंबरच्या सुमारास संपते. तिथले बोडो हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे आहे. डिसेंबरात तिथे सूर्य जेमतेम दिसतो आणि जूनमध्ये मावळत नाही. अशा ठिकाणी हिवाळ्यात खेळा म्हणणे म्हणजे शेतकऱ्याला मे महिन्यात भात लावायला सांगण्यासारखे आहे. उन्हाळ्यात खेळून या गावाचे काही बिघडले नाही. बोडो-ग्लिम्ट हा तिथला क्लब २०२५ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

आयर्लंडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तिथली साखळी पूर्वी इंग्लंडप्रमाणे हिवाळ्यात चाले. मैदानात चिखल, गॅलरीत शुकशुकाट आणि घरोघरी दूरचित्रवाणीवर इंग्लंडचे सामने, अशी अवस्था होती. २००३ पासून आयर्लंडने उन्हाळी हंगाम स्वीकारला. मैदाने सुधारली. शिवाय युरोपीय स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या जुलैमध्ये होतात, तेव्हा आयरिश खेळाडू ऐन भरात असू लागले. २०११ मध्ये शॅमरॉक रोव्हर्स हा क्लब युरोपा लीगच्या गटफेरीत गेला; तिथवर मजल मारणारा तो पहिला आयरिश क्लब. उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये त्यांचे स्वतःचे गेलिक खेळ रंगतात आणि त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते, हा तोटा आहेच. पण हा नफातोटा त्यांनी आपल्या घरचा हिशेब मांडून ठरवला, हे महत्त्वाचे.

आता उलट्या दिशेने निघालेले देश पाहू. रशियासारख्या बर्फाळ देशाने २०११-१२ मध्ये आपला हंगाम युरोपच्या मुख्य हंगामाशी जुळवून घेतला आणि मधल्या कडाक्याच्या थंडीत काही महिन्यांची सुटी ठेवली. जपानची जे-लीग १९९३ पासून वसंत ते हिवाळ्याची सुरुवात अशी चाले. तिने २०२६-२७ पासून ऑगस्टमध्ये सुरुवात करण्याचे ठरवले. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरनेही २०२७ पासून असाच बदल करण्याची घोषणा केली. यामागची कारणे सगळीच खोटी नाहीत. जपानचा जुलै-ऑगस्ट घामाच्या धारा काढणारा असतो. आशियाई क्लब स्पर्धेनेही आपले वेळापत्रक बदलले आहे. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा मोठा बाजार युरोपात उन्हाळ्यात भरतो. हंगाम वेगळा असला तर ऐन मध्यावर संघातला मोहरा उचलून नेला जातो आणि मागे राहिलेल्यांच्या हाती धुपाटणे येते.

हे सगळे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. ओझे कुणाच्या डोक्यावर पडते? जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर नीगाता हा प्रांत आहे. तिथला बर्फ जगप्रसिद्ध आहे. तिथल्या क्लबने या बदलाला विरोध केला होता. मधली सुटी दिली तरी सराव कुठे करायचा, आणि बर्फ तुडवत मुलाबाळांना घेऊन सामन्याला कोण येणार, ही त्यांची चिंता साधी आणि खरी होती. टोकियोत बसून वेळापत्रक आखणाऱ्याला ती कागदावर दिसत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

मग उन्हाळाच बरा म्हणावा, तर तसेही नाही. २०१० मध्ये विश्वचषक कतारला देण्यात आला. तिथल्या जून-जुलैत खेळणे म्हणजे तव्यावर उभे राहणे, हे संघटकांच्या नंतर गळी उतरले आणि २०२२ची ती स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हलवावी लागली. त्यासाठी युरोपातल्या साखळ्या अधेमधे थांबवाव्या लागल्या. ज्या हंगामाला हात लावता येत नाही असे सांगितले जात होते, त्याला मनात आणले तर हात लावता येतो, हेही त्यावरून सिद्ध झाले! पुढे जून २०२५ मध्ये अमेरिकेत क्लबांची विश्वचषक स्पर्धा झाली. सिनसिनाटी इथल्या सामन्यात डॉर्टमंडच्या राखीव खेळाडूंनी पहिला अर्धा भाग मैदानाकडेच्या बाकावर न बसता खोलीत बसून पडद्यावर पाहिला. बाहेरचे ऊन नुसते बसूनही सोसवेना! उष्मा, दमटपणा आणि ऊन यांचा मिळून जो अंक काढतात तो ३२ अंशांवर गेला, की खेळ थांबवून पाणी पिण्याची सवलत द्यावी, असा 'फिफा'चा दंडक आहे. पृथ्वी तापत चालली आहे, तेव्हा ही सवलत पुढे नित्याची होईल.

आणि इथेच आपण घरी येतो. हिवाळा की उन्हाळा, हा वाद दोन ऋतूंच्या देशांचा. आपल्याकडे तिसरा ऋतू आहे आणि तोच खेळाचा धनी आहे.

कोलकात्याची फुटबॉल लीग १८९८ सालची. तिचा रंग चढतो तो पावसाळ्यात. मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी पोरांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तो दिवस होता २९ जुलै १९११. ईस्ट बंगाल जिंकले की हिल्सा आणि मोहन बागान जिंकले की कोळंबी, हा तिथल्या घरांचा रिवाज. आणि हिल्साही पावसाळ्याचाच मासा! आमच्या कोल्हापूरचे नेमके उलटे. तिथे पाऊस मुक्कामाला येतो, म्हणून फुटबॉल पावसाळा टाळतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ हिवाळ्याच्या तोंडाशी शाहू स्टेडियमवर उतरतात आणि हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल सांभाळावा, हे कोल्हापुरातच घडू जाणे. गोव्यात भाताची कापणी झाली, की रिकाम्या शेतात गोल उभे राहतात. आणि मुंबईकरांचा इरसालपणा तर असा, की क्रिकेटसारखा कोरड्या हवेचा खेळ त्यांनी १९४८ पासून कांगा लीगच्या रूपाने भर पावसाळ्यात खेळवला आणि ओल्या खेळपट्टीवर फलंदाज घडवले.

कोलकाता, कोल्हापूर, गोवा यांची वेळापत्रके एकमेकांशी जुळत नाहीत. तरी तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ती माती, पाऊस आणि माणसांची सवड पाहून ठरली आहेत.

आता मात्र वरून येणारे वेळापत्रक जड होत चालले आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग ऑक्टोबरात सुरू झाली, संध्याकाळच्या दिव्यांखाली. त्याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडे हिवाळ्याची संध्याकाळ फुटबॉलला उत्तमच. पण मोठ्या स्पर्धेने चांगला काळ घेतल्यावर उरलेल्या दिवसांत गावची साखळी, शाळांच्या स्पर्धा आणि पोरांचे सामने कोंबायचे, हे योग्य नव्हे. ज्या मैदानावर दिवे नाहीत तिथे सामना दुपारीच सुरू करावा लागतो. एप्रिल-मेमधली आपली दुपार काय असते, हे सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या समारंभात नुसती बसलेली माणसे उन्हाने दगावली. तिथे धावणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराची काय कथा?

म्हणून हंगाम ठरवताना तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत, असे आम्हाला वाटते. पहिला, त्या दिवसांत मैदान खेळण्याजोगे असते का? दुसरा, खेळणाऱ्याच्या जिवाला धोका नाही ना? तिसरा, तिकीट काढून किंवा दोरीपाशी उभे राहून खेळ पाहणारा माणूस तेव्हा येऊ शकतो का? या तिन्हींची उत्तरे 'होय' आली, मग दूरचित्रवाणीची सोय आणि युरोपचा बाजार यांचा खुशाल विचार करावा. आज क्रम उलटा झाला आहे. आधी कळस, मग पाया. जिल्हा संघटनांनी आपले वेळापत्रक आपल्या पावसावर बेतावे. शाळांनी एप्रिल-मेचे सामने सकाळी नऊच्या आत संपवावेत. आणि राष्ट्रीय संघटनेने तारखा जाहीर करण्यापूर्वी मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याला एकदा विचारावे. त्याला जेवढे कळते तेवढे पुष्कळांना कळत नाही.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मग नातवाला देता येईल. तिथे थंडीत खेळतात, कारण त्यांच्या आजोबांनी तसे ठरवले. नॉर्वेची पोरे उन्हाळ्यात खेळतात, कारण त्यांच्या गावाला तेच मानवते. आपण केव्हा खेळायचे, हे आपल्या आभाळाकडे पाहून आपणच ठरवायचे आहे. आजीला हे पटायला वेळ लागणार नाही. पापड उन्हाळ्यात वाळत घालावेत, पावसाळ्यात घालू नयेत, एवढे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे.