संगणकाची भाषा आणि मालकीचा प्रश्न

बँका, विमा कंपन्या आणि सहकारी संस्था यांचे व्यवहार ज्या सर्व्हरवर चालतात, त्यांची आज्ञावली कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची प्रथा आहे. चर्चा वेगाची आणि सोयीची होते. मालकीची होत नाही.

या दृष्टीने जावा भाषेचा इतिहास बोधप्रद आहे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ती प्रसिद्ध केली आणि २००६ साली तिची संहिता मुक्त परवान्याखाली खुली करण्यास प्रारंभ केला. २०१० साली ऑरेकलने सन कंपनीच विकत घेतली. जानेवारी २०२३ पासून ऑरेकलने आपल्या जावाची नवी वर्गणी संस्थेच्या एकूण कर्मचारीसंख्येवर आकारण्यास सुरुवात केली. जावाशी ज्याचा सुतराम संबंध नाही, असा अर्धवेळ शिपाईही हिशेबात आला! कंपनी दुरुस्त्या पुरवते हे खरे. परंतु जो मोबदला कामावरून नव्हे, तर ग्राहकाच्या अगतिकतेवरून ठरतो, त्याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात.

म्हणून भाषाच टाकून देण्याचे कारण नाही. तीच जावा ओपनजेडीके या मुक्त रूपात विनामूल्य मिळते. पीएचपी आणि पायथनही मुक्त आहेत. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्त संहितेला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. अर्थात मुक्त संहिताही जाणकार माणसांवाचून चालत नाही. परवान्यावर जाणारा पैसा आपल्याच तंत्रज्ञांच्या शिक्षणावर आणि वेतनावर खर्च व्हावा, ही मागणी सहकारी संस्थांच्या सभासदांनी वार्षिक सभेत मांडली पाहिजे. अवजार परक्याचे असेल, तर संस्था नावापुरतीच आपली राहते.