मूळचा कुठला?

जुलै २०२४ मधली गोष्ट. लेकाच्या हट्टापायी मीही युरो कपची फायनल बघत मध्यरात्री जागी होते. स्पेनचा पहिला गोल निको विल्यम्सनं मारला, लामिन यमालच्या पासवर. झोप येत नाही म्हणून सासूबाईही येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा काळा पोरगा स्पेनचा कसा गं? मूळचा कुठला?"

प्रश्न साधाच. पण मैत्रिणींनो, निको जन्मला स्पेनमधल्या पाम्प्लोनात. त्याचे आईवडील घानाचे, सहारा वाळवंट पायी तुडवत आलेले. यमालची आई इक्वेटोरियल गिनीची. हा आफ्रिकी देश १९६८ पर्यंत स्पेनच्याच ताब्यात होता. तिथं आजही स्पॅनिश ही राजभाषा आहे.

आणि ही काही आजकालची गोष्ट नाही. सोळाव्या शतकात सेव्हिल शहरात हजारो आफ्रिकी गुलाम राबत होते. वेलास्केझ या मोठ्या चित्रकाराकडे हुआन दे पारेखा नावाचा गुलाम होता, आफ्रिकी वंशाचा. मालकानं १६५० मध्ये त्याचं चित्र काढलं आणि त्याच वर्षी त्याच्या सुटकेचा कागद केला. पुढं पारेखा स्वतः चित्रकार झाला. म्हणजे ही माणसं नुसती 'आली' नाहीत, कित्येकांना धरून आणलं होतं!

तरीही १९९२ च्या नोव्हेंबरात माद्रिदच्या आरावाका भागात लुक्रेसिया पेरेझला गोळ्या घालून मारलं. ती डोमिनिकन रिपब्लिकहून घरकामासाठी आलेली, लहान लेकीला मागं ठेवून. तिचा गुन्हा काय? काळी आणि परकी, एवढाच. मारेकऱ्यांत एक तर पोलीस दलातलाच होता.

गोल मारला की आपला, आणि धुणीभांडी केली की परकी? हा कुठला न्याय?

मी म्हटलं, "आई, माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी इथं मलाही विचारतातच की, मूळच्या कुठल्या?" त्या हसल्या. पण मला विचारतात ती नुसती चौकशी असते. पुढं चहाही मिळतो. त्यांना विचारतात तेव्हा बऱ्याचदा अर्थ असतो, 'परत कधी जाणार?' ज्याचं घरच तिथं, त्यानं जायचं कुठं?

तेव्हापासून हा प्रश्न कुणालाही विचारताना मी जरा थांबते. तुम्हीही थांबून बघा.