भीमगीते 'स्वच्छ' करताना आपण काय फेकतो?

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की जुनी भीमगीते मोबाईलवर फिरू लागतात. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या रेकॉर्डवरच्या गाण्यांना हल्ली 'क्लीन ऑडिओ' असे बिरुद लावलेले दिसते. ऐकावे तर खरखर गेलेली असते, पण तिच्यासोबत निम्मे गाणेही गेलेले असते. आवाज पाण्याखालून आल्यासारखा, हलगी बोथट, घुंगरांचा पत्ता नाही. वर कवीचे नावही गायब!

काही जण म्हणतात, मग हात लावूच नका, जुने आहे तसे राहू द्या. हेही मला मान्य नाही. दिवाणखान्यातल्या संग्राहकाची रेकॉर्ड आणि जयंतीच्या मांडवात दिवसभर कर्ण्यावर वाजलेली रेकॉर्ड यांची झीज सारखी नसते. आपली गाणी जास्त झिजली, कारण ती जास्त वाजली. भीमगीत हे प्रबोधनाचे साधन आहे. खरखरीत शब्दच कळेनासे झाले, तर वामनदादा कर्डकांचा विचार आजच्या पोरांपर्यंत पोचणार कसा? म्हणून सफाई हवीच. प्रश्न एवढाच की ती कोणी करायची आणि कशी.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. त्यात 'क्लिक रिमूव्हल' रेकॉर्डवरच्या ओरखड्यांची टकटक काढते आणि 'नॉइज रिडक्शन' सततची सरसर कमी करते. आधी टकटक, मग सरसर, हा क्रम पाळावा. सरसर काढण्यासाठी गाणे सुरू होण्याआधीचा, नुसती सुई फिरते तेवढा तुकडा नमुना म्हणून द्यायचा. मग तसा आवाज यंत्र सगळीकडून कमी करते.

खरी मेख इथेच आहे. यंत्राला हलगी माहीत नाही. हलगीवरची टिपरी आणि ओरखड्याची टकटक, दोन्ही क्षणभराचे तीक्ष्ण आवाज. सफाई जोरात लावली की यंत्र हलगीलाही ओरखडा समजते. घुंगरू आणि झांज ज्या उंच पट्टीत वाजतात, तिथेच सरसरही असते. सरसर ओरबाडली की तेही जाते. कुठला आवाज 'कचरा' आणि कुठला संगीत, हे आजवर दुसऱ्यांनीच ठरवले. हलगी-डफाला गोंगाट म्हणणारी नजर आपण चांगली ओळखतो. आता तोच निवाडा यंत्राच्या तयार आकड्यांवर सोपवायचा का?

यावर उपाय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. नॉइज रिडक्शनमध्ये 'रेसिड्यू' असा पर्याय असतो. तो निवडला की जे काढून टाकले जाणार आहे, नेमके तेवढेच ऐकू येते. त्यात नुसती सरसर असेल तर ठीक. गायकाचा शब्द किंवा झांज ऐकू आली, तर आपण गाणेच फेकतो आहोत. तिथे डेसिबलचा आकडा आणखी खाली आणा. थोडी सरसर राहिली तरी चालेल, शाहिराचा गळा राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट, मूळ प्रत कधीही पुसू नका. रेकॉर्डवरून जसा आला तसा आवाज २४ बिटच्या वेव्ह फाईलमध्ये वेगळा ठेवा आणि सफाई तिच्या नकलेवर करा. उद्या याहून चांगले तंत्र येईल, तेव्हा मूळ प्रतच कामी येईल. रेकॉर्ड वाजवण्याआधी पुसून घ्या, पण ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते.

तिसरी गोष्ट, लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कवी, गायक, संगीतकार आणि रेकॉर्डचा क्रमांक फाईलच्या नावातच लिहा. ज्यांना इतिहासाने नाव दिले नाही, त्यांची नावे आपणच गाळायची, ही कसली चळवळ?

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तो आपले म्हणणे आपणच मांडावे म्हणून. आपला आवाज जपण्याचे कामही आपलेच आहे. प्रत्येक विहाराने, प्रत्येक वस्तीतल्या वाचनालयाने एक लॅपटॉप आणि एक चालू रेकॉर्ड प्लेअर एवढी तरतूद करावी. यंत्र कोणीही तरुण चालवील. पण त्याच्या शेजारी ही गाणी प्रत्यक्ष ऐकलेली, हलगी ओळखणारी एक म्हातारी व्यक्ती बसवा. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे तिला विचारा.

जय भीम!