दारू, यकृत आणि आतड्याचा बांध

महाराष्ट्र सरकारने जून २०२५मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले आणि धान्यापासून तयार होणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला मान्यता दिली. त्यातून तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा अंदाज तेव्हा मांडण्यात आला. त्यावर चर्चा झाली ती मुख्यतः महसुलाची, दरांची आणि परवान्यांची. पिणाऱ्याच्या यकृताचा हिशेब कोण मांडणार, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

शहापूर तालुक्यातील भातसा नदीकाठचे सापगाव आणि तेथून मुरबाडपर्यंतचा ग्रामीण पट्टा यांना हा प्रश्न परका नाही. देशी दारूचा दर वाढला की हातावर पोट असणारा माणूस हातभट्टीकडे वळण्याचा धोका असतो. दुसरीकडे, पोटातील ‘चांगले’ जिवाणू यकृताला दारूपासून वाचवू शकतात, अशा बातम्या अधूनमधून येत असतात आणि प्रोबायोटिकच्या पुड्या व कॅप्सूल औषधाच्या दुकानात सहज मिळतात. या दोन गोष्टींची सांगड चुकीची घातली गेली, तर तिची किंमत मोठी आहे. म्हणूनच या संशोधनाचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

यातील शास्त्र खरे आहे. आतड्यातून निघालेले रक्त थेट यकृतात जाते. आतड्याचे अस्तर हे भातखाचराच्या बांधासारखे असते. ते शाबूत असेपर्यंत जिवाणू आणि त्यांची विषे आतड्यातच अडून राहतात. सततच्या दारूने हा बांध पाझरू लागतो आणि उपकारक जिवाणू घटून अपायकारक जिवाणू माजतात. त्यांच्या विषाने यकृतातील संरक्षक पेशी चवताळतात आणि सूज येते. म्हणजे दारू यकृतावर दोन बाजूंनी घाव घालते : एक थेट आणि दुसरा आतड्याच्या वाटेने.

हा दुसरा घाव अडविता येईल काय, याचा शोध तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. १९९४मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू दिल्याने दारूमुळे होणारी यकृताची हानी कमी झाल्याचे दिसले. २००८मध्ये रशियातील ६६ मद्यासक्त पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच दिवस प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या यकृताच्या तपासण्या इतरांपेक्षा सुधारल्या होत्या. २०१९मध्ये आतड्यातील एका जिवाणूचे विष आणि मद्यजन्य यकृतदाहाची तीव्रता यांचा निकटचा संबंध पुढे आला.

भारतातील कामही दुर्लक्षणीय नाही. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने सिरोसिसच्या १३० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. यकृताच्या विकारामुळे भान हरपण्याच्या अवस्थेतून हे रुग्ण नुकतेच सावरले होते. त्याच कारणाने सहा महिन्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण प्रोबायोटिक घेणाऱ्यांत सुमारे २० टक्के, तर न घेणाऱ्यांत ४२ टक्के होते. दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेने तीव्र मद्यजन्य यकृतदाहाच्या आठ रुग्णांच्या आतड्यात निरोगी व्यक्तीच्या मलातील जिवाणू सोडले. वर्षअखेरीस त्यांपैकी सात जण हयात होते, असे २०१७च्या अहवालात नमूद आहे.

हे आकडे आशादायक असले तरी त्यांची मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. रशियातील रुग्ण रुग्णालयात दाखल होते. त्यांची दारू बंद होती. दिल्लीतील रुग्णांची संख्या अगदी थोडी होती, तर चंडीगडच्या अभ्यासातील सर्व रुग्ण केवळ दारूमुळे आजारी पडलेले नव्हते. रोज पिणाऱ्या माणसाने सोबत पुडी घेतली आणि त्याचे यकृत वाचले, असे यांपैकी कोणत्याही अभ्यासाने दाखविलेले नाही. ताकाचेही तसेच. ताकात जिवंत जिवाणू असतात, परंतु अभ्यासात वापरलेल्या निवडक जाती त्याच प्रमाणात घरच्या ताकात असतील असे नाही. आंबील आंबवून शिजविली जाते. त्यामुळे तिच्यात जिवंत जिवाणू फारसे उरत नाहीत. ताक आणि आंबील आहार म्हणून उत्तमच, पण ते दारूवरचे उतारे नव्हेत. शिवाय सिरोसिस झालेल्यांची प्रतिकारशक्ती क्षीण असते. त्यांनी जिवंत जिवाणूंचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग सापगावच्या माणसाच्या हाती काय आहे? सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. दारूमुळे यकृतावर साचणारी चरबी ही पहिली पायरी आहे. या टप्प्यावर दारू सुटली, तर यकृत बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होऊ शकते. सिरोसिस झाल्यावर मात्र ते पूर्ववत होणे दुरापास्त असते. तथापि पहिल्या टप्प्यात सहसा काहीच दुखत नाही आणि पुढे डोळे पिवळे झाले की अनेकदा कावीळ म्हणून झाडपाल्याचा शोध सुरू होतो. त्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडणेही धोक्याचे असते. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्यामुळे दारू सोडण्याची सुरुवात वैद्यकीय देखरेखीखाली व्हायला हवी.

येथेच शासनाची जबाबदारी सुरू होते. यकृताची प्राथमिक रक्ततपासणी साधी आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील सरकारी रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती नियमितपणे व्हावी, व्यसनमुक्तीचे समुपदेशन आणि औषधे तेथेच मिळावीत, यासाठी मद्याच्या महसुलातील अल्पसा वाटा राखून ठेवणे अवघड नाही. गावातील दुकान मतदानाने बंद करण्याचा मार्ग राज्यात महिलांना खुला आहे. तथापि दुकान बंद झाल्यावर व्यसनी माणसाला उपचार मिळाले नाहीत, तर तो हातभट्टीचा रस्ता धरण्याचा धोका उरतोच.

आतड्यातील जिवाणूंवरचे संशोधन पुढे जात राहील आणि कदाचित उद्या त्यातून खात्रीचे औषधही हाती येईल. तोवर पुडीच्या भरवशावर प्याला भरणाऱ्याला त्या संशोधनाचा आधार नाही. दारू सोडू पाहणाऱ्याला मात्र आज, त्याच्या तालुक्याच्या ठिकाणी, मदत मिळायला हवी.