डिझेल बुलेटला एक रकाना हवा

प्रति,
सचिव, रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : उत्पादन बंद झालेल्या, तीस ते पन्नास वर्षं वयाच्या दुचाकींसाठी वेगळा वर्ग करण्याबाबत



माझ्याकडे १९९४ची डिझेल बुलेट आहे. एखाद्या गॅरेजात पंपाचं इंजिन बसवून केलेली नव्हे, मद्रासच्या कारखान्यातून डिझेलवरचीच म्हणून बाहेर पडलेली. जुन्या आरसी बुकात इंधनासमोर तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. तिच्या निमित्ताने हे पत्र लिहितो आहे, पण मागणं एकट्या तिच्यासाठी नाही. आपल्या नियमांत गाडी पन्नास वर्षांची झाली की तिला मान मिळतो, आणि पंधरा वर्षांच्या आतली असेल तर तिला कुणी फारसं काही विचारत नाही. मधल्या पस्तीस वर्षांसाठी मात्र एकच वाट आहे : दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करा, नाही जमलं तर भंगारात द्या. या मधल्या पट्ट्यात आपण हात घालावा, अशी विनंती आहे.

आधी गाडीची ओळख करून देतो, कारण आपल्या खात्यातल्या पुष्कळांनी ती पाहिलेलीच नसते. चौकट बुलेटची, गिअरबॉक्सही बुलेटचाच, चार गिअरचा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मधोमध ३२५ सीसीचं, एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं ग्रीव्हज लोंबार्डिनी इंजिन. मूळ आराखडा इटलीचा, बनावट तेव्हाच्या औरंगाबादची. ताकद साडेसहा अश्वशक्ती, म्हणजे आजच्या शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलीपेक्षाही कमी. वजन दोनशे किलोच्या आसपास. ताशी साठ-पासष्टच्या पुढे ती जात नाही आणि कार्ले खिंडीच्या चढावर मागून एसटी आली की मुकाट्याने कडेला व्हावं लागतं. पण लिटरमागे सत्तर किलोमीटर ती आरामात देते. डिझेल पेट्रोलच्या मानाने फार स्वस्त होतं त्या काळात शेतकऱ्याने, दूधवाल्याने ही गाडी घेतली ती त्या हिशेबासाठी, रुबाबासाठी नव्हे. पुढे तिला ‘टॉरस’ असं नाव मिळालं. १९९४ साली एन्फिल्ड इंडिया आयशरच्या ताब्यात गेली, उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि या शतकाच्या तोंडाशी ही गाडी बंद पडली. कारखान्यात नेमाने तयार होऊन सामान्य गिऱ्हाइकाला विकली गेलेली डिझेलवरची मोटारसायकल जगात जवळजवळ कुठेच नाही. आपल्याकडे ती होती, आणि तिचं आपल्याला कौतुक नाही.

मी ती २०२१मध्ये घाटावरच्या एका शेतकऱ्याकडून घेतली. त्यांच्याकडे ती विहिरीशेजारच्या खोपटात उभी असे. रेवदंड्याला आणल्यावर पहिल्या पावसाळ्यातच कळलं की घाटावरची कोरडी हवा आणि आमची खारी हवा यांत किती अंतर आहे. इथे लोखंड नुसतं गंजत नाही, आतून पोकळ होतं. रिमचा मुलामा फुगून सुटतो, स्पोक निपलमध्येच तुटतात, टाकीच्या तळाला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. आणि डिझेल इंजिनाची थरथर अशी की ढिला झालेला नट पहिल्या मैलात दिसत नाही, दहाव्या मैलात रस्त्यावर सापडतो. मडगार्डचे ब्रॅकेट तडकतात, ते वेल्डिंग करायचे, पुन्हा तडकले की आतून पट्टी देऊन करायचे.

तरीही ही गाडी दुरुस्त करायला आमच्या किनाऱ्याइतकी चांगली जागा मला दुसरी सुचत नाही. बुलेटवाल्या नामांकित गॅरेजांनी तिला हात लावायला नकार दिला, कारण त्यांना कार्ब्युरेटर समजतो, नॉझल समजत नाही. ती उभी केली ती थेरोंड्याच्या कोळीवाड्यात मच्छीमार बोटींची इंजिनं बघणाऱ्या एका मिस्त्रींनी. त्यांनी नॉझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावला, फवारा बघितला आणि म्हणाले, “ही थुंकते आहे, फवारत नाही.” एवढ्यात निदान झालं. फ्युएल पंपाचं कॅलिब्रेशन, पाइपातली हवा काढणं, डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून पिस्टन दाबाच्या पुढे नेऊन मग किक मारणं, हे सगळं त्यांच्या हाताला ठाऊक होतं. वाडीला पाणी देणाऱ्या डिझेल पंपांवर आणि अलिबाग, रेवस, रेवदंडा इथे वर्षानुवर्षं माणसं वाहणाऱ्या मिनीडोर रिक्षांवर हात बसलेले मेकॅनिक अजून आमच्याकडे आहेत. फक्त पावसाळी मासेमारीबंदीत त्यांच्याकडे जाऊ नये. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, सगळ्यांची इंजिनं एकदम उघडलेली असतात आणि तुमच्या हौसेच्या फटफटीकडे बघायला कुणाला वेळ नसतो. ते बरोबरच आहे.

सुट्या भागांचं म्हणाल तर पिस्टन रिंगा, गास्केट, नॉझल पंपाच्या दुकानात मिळतात. क्लच प्लेट, ब्रेक, चाकाचे बेअरिंग बुलेटचे चालतात. अडतं ते जिथे दोन्ही घराणी जुळतात तिथे : इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधले भाग, त्यांची पाती, डिझेलचाच सायलेन्सर. त्यासाठी मांडव्याहून रो-रोने भाऊचा धक्का आणि तिथून कुर्ल्याचा भंगारबाजार. एक भाग शेवटी लेथवर करून घेतला. अशा कामाला ना हमी असते ना पावती.

आता नियमांकडे येतो. १५ जुलै २०२१च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांचा भाग आला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चौकटीत वा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, पुढे दर दहा वर्षांनी ५,०००. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. मला ही व्याख्या मनापासून पटते. तिच्यातला एकच आकडा खटकतो, पन्नास.

माझी गाडी २०४४ साली पन्नास वर्षांची होईल. तोवर २०२९, २०३४ आणि २०३९ अशी तीन नूतनीकरणं. एप्रिल २०२२पूर्वी दुचाकीच्या नूतनीकरणाला ३०० रुपये लागत, मग १,००० झाले, आणि २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,००० झाले. राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांचा २,०००. हे पैसे मी भरतो, पुढेही भरेन, त्याबद्दल रडगाणं नाही. पाच वर्षांत चार हजार रुपये हौसेला फार नाहीत. मुद्दा असा की हे आकडे ठरवताना आपण जुनी गाडी म्हणजे रस्त्यावरून हटवायची गाडी, एवढंच गृहीत धरलेलं आहे. रोज धूर सोडत बाजारात जाणारी वीस वर्षांची स्कूटर आणि महिन्यातून एकदा चौलपर्यंत जाऊन येणारी डिझेल बुलेट, दोघी त्या नियमाला सारख्याच.

आणि नूतनीकरण चुकलं तर? उशिराच्या प्रत्येक महिन्याला दुचाकीमागे ३०० रुपये. आमच्या आळीत एका पडवीत येझदी रोडकिंग होती, मैसूरच्या आयडियल जावाची. १९७८ ते १९९६ एवढ्याच काळात झालेली ही गाडी, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किकचाच दांडा खाली पाडला की गिअरचा दांडा होतो अशी. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात पडवीचं छप्पर तिच्यावर बसलं. मालक वारले होते, कागद कधीच संपले होते. मुलगा मुंबईहून आला, एजंटाने त्याला विलंब शुल्काचा अंदाज सांगितला आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो आला. टाकीवर पोचा होता, एवढंच. इंजिन फिरत होतं.

पन्नाशीच्या अटीवर माझा खरा आक्षेप इथे आहे. संस्थानिकांच्या आणि शेठजींच्या मोटारी पन्नास वर्षं टिकल्या, कारण त्यांना गॅरेज होतं, ड्रायव्हर होता, आणि न वापरता ठेवण्याची ऐपत होती. राजदूत, येझदी, डिझेल बुलेट या कामकरी माणसाच्या गाड्या. त्या पडवीत राहतात, वारसांत वाटल्या जातात, पाऊस खातात. त्यांचं मरण तिसाव्या ते पन्नासाव्या वर्षाच्या मध्येच ओढवतं, आणि नेमक्या त्याच काळात त्या दुरुस्त करणारे हातही म्हातारे होतात. थेरोंड्याचे मिस्त्री २०४४ची वाट बघत थांबणार नाहीत. त्या वर्षी आपण व्हीए पाट्या द्यायला बसाल तेव्हा रांगेत गाड्या असतील, पण कुणाच्या असतील ते आजच सांगता येतं.

बाहेर काय चालतं ते आपल्याला ठाऊक असेलच. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वाहतुकीला न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीत तिसाव्या वर्षी तपासणी करून वेगळ्या अक्षराची पाटी देतात. ब्रिटनने चाळीस वर्षांवर करमाफी ठेवली आहे. यांतल्या कुठल्याच देशाला प्रदूषणाची फिकीर नाही असं कुणी म्हणणार नाही.

धुराबद्दल मी सारवासारव करणार नाही. नॉझल बिघडलेली डिझेल बुलेट किती काळा धूर ओकते, हे मी माझ्याच अंगणात पाहिलं आहे. म्हणून सूट मागत नाही, तपासणी मागतो. जुन्या डिझेल वाहनांसाठी धुराची ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आधीपासून आहे, माझी गाडी तिच्या आत बसते, बसली नाही तर तिने घरी बसावं. तसंच, पेट्रोलच्या बुलेटवर पंपाचं इंजिन चढवून परवानगीविना फिरवल्या जाणाऱ्या गाड्यांची पाठराखण मी करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाला ते मान्य नाही, आणि खरी गाडी ओळखणं त्यांच्यामुळेच अवघड झालं आहे. चौकटीचा आणि इंजिनाचा क्रमांक मूळ कागदाशी जुळला पाहिजे, ही अट कडक ठेवा.

मागणं असं आहे. तिसाव्या वर्षी मालकाने अर्ज केला, गाडी मूळ रूपात सापडली, तर तिला वेगळ्या वर्गात घ्या. वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, हजार म्हणा, दोन हजार म्हणा, मी ओडोमीटर दाखवायला तयार आहे. धुराची चाचणी दरवर्षी करा. बदल्यात नूतनीकरण दहा वर्षांनी ठेवा आणि गाडी दुरुस्तीला उघडून ठेवली आहे असं आधी कळवलेलं असेल तर त्या महिन्यांचं विलंब शुल्क लावू नका. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. उघडलेलं इंजिन कधी बंद होईल हे सुटा भाग ठरवतो, मालक नव्हे. केंद्राच्या नियमात बदल व्हायला वेळ लागणार असेल तर पर्यावरण कर राज्याच्या हातात आहे, तिथून सुरुवात करता येईल. मुरूडच्या माणसाला पेणचं आरटीओ गाठायला अख्खा दिवस जातो, तेव्हा वर्षातून एकदा अलिबागला अशा गाड्यांच्या तपासणीचं शिबिर लावलंत तर आम्ही गाड्या चालवत घेऊन येऊ. ज्या चालत येणार नाहीत त्या नापास करा.

कळावे,
आपला,
डिझेल बुलेटचा एक मालक
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड

ता. क. : जुनी नोंद संगणकावर चढवताना कुणीतरी माझ्या गाडीचं इंधन पेट्रोल करून टाकलं होतं. ते कार्यालय रायगडातलं नाही, एवढंच सांगतो. ती दुरुस्ती होईपर्यंत पीयूसी केंद्रावर दुचाकीसमोर डिझेलची चाचणी निघेना, आणि पेट्रोलच्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घालून चालण्यासारखं नव्हतं. संगणकात दुचाकीखाली डिझेलचा पर्याय ठेवायला नियम बदलावा लागत नाही. तेवढं लगेच करता येईल.