उंबरठा कोणाचा? घरमालकाचा की राहणाऱ्याचा? (धागा)

१/ १८९७ च्या पुण्यातील प्लेग म्हटला की रँड, चापेकर बंधू आणि गणेशखिंडीचा रस्ता आपणांस आठवतो. त्या संतापाचे एक मोठे कारण घरझडतीत होते. गोरे सोजीर माजघरात आणि देवघरात शिरले, हे पुणेकरांच्या जिव्हारी लागले.

२/ आता एक अवघड प्रश्न. त्या पुण्यात वाड्यांतून भाड्याने राहणारी बिऱ्हाडेही होती. उंबरठा त्यांच्या मालकीचा नव्हता. म्हणून त्यांचा अपमान कमी ठरतो काय?

३/ नाही, असे आपण तत्काळ म्हणू. मग आजचा घरमालक भाडेकरूच्या दारावर कॅमेरा रोखतो, दुसऱ्या किल्लीने वाटेल तेव्हा आत येतो, रात्री कोण आले होते याचा जाब विचारतो, तेव्हा ‘घर त्याचे आहे, चालायचेच’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

४/ कायदाही असे म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा, म्हणजे रँडच्या झडत्यांहून पंधरा वर्षे जुना. त्याच्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्याने उपभोगाचा हक्कच हस्तांतरित होतो. भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस निर्वेध राहता येईल, अशी हमी कलम १०८ मालकाकडून गृहीत धरते.

५/ अमेरिकेतही हा वाद झाला. जॉर्जियातील एका घरमालकाला भाड्याच्या घरातून दारूच्या भट्टीचा वास आला. त्याच्या संमतीने पोलीस खिडकीवाटे आत शिरले. भट्टी खरोखरच सापडली. तरीही १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झडती अवैध ठरवली. भाडेकरूच्या वतीने संमती देण्याचा अधिकार मालकास नव्हता.

६/ १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयापुढे एक दांपत्य आले. घरमालकाने शयनगृहात ध्वनिग्राहक यंत्र लपवल्याची त्यांची तक्रार होती. ‘कोणी ऐकल्याचे कोठे म्हटले आहे?’ हा बचाव न्यायालयाने मानला नाही. यंत्र लपवणे हीच घुसखोरी होती.

७/ आपल्याकडे १९६२ च्या खरकसिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द झाल्या, पण खासगीपणाचा हक्क बहुमताने नाकारला. तो मान्य होण्यास २०१७ उजाडले. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत ठरवला.

८/ मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात, हे खरे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २८ थेट मालकाशी बोलते. जागा पाहण्याचा हक्क त्याला आहे. मात्र पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी.

९/ ‘सुरक्षेचे काय?’ इमारतीच्या फाटकावरील कॅमेरा सर्वांवर सारखी नजर ठेवतो. पोलीस ठाण्यात दिलेली माहिती भाडेकरूची ओळख सांगते. त्या दोहोंपलीकडे एकाच बिऱ्हाडाच्या येण्याजाण्याची टिपणे ठेवणे ही सुरक्षा नव्हे, पाळत आहे. तिचा जाच बहुधा एकट्या मुली, विद्यार्थी आणि परगावचे नोकरदार सोसतात.

१०/ मित्रहो, १८९७ च्या झडत्यांवर संतापणे आज सोपे आहे. तो सोजीर केव्हाच गेला. करारावर सही करण्यापूर्वी ‘पूर्वसूचनेशिवाय प्रवेश नाही’ हे कलम लिहून मागणे अवघड आहे. इतिहास वाचला असेल, तर तेवढे मागाच. आणि उद्या तुम्ही घरमालक झालात, तर न मागता द्या.