वाघ, ऑटो आणि डीपी

एप्रिल लागला की माझं दुकान चालायला लागतं. ब्रह्मपुरीत मोटार रिवाइंडिंग करतो, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पंपाची जळालेली कॉइल काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश मारून सुकवायची आणि मोटार ज्याची त्याला परत करायची. वीज धड असली की मी माशा मारतो, बिघडली की जेवायला उसंत मिळत नाही. आज जे लिहितोय ते माझ्याच पोटावर पाय देणारं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गिऱ्हाईक येतं ते वैनगंगेच्या दोन्ही काठांवरून. इकडून नागभीड, सिंदेवाहीचं. तिकडून वडसा, आरमोरी, कुरखेड्याचं. मोटार दुचाकीला आडवी बांधलेली, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, आणि उतरताच एकच वाक्य: "पाहा जी मिस्त्री, मागच्याच महिन्यात भरली होती."

मोटार उघडली की मला तिचा पंचनामा वाचता येतो. तीनपैकी दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी पिवळीधमक असेल, तर एक फेज गेला होता आणि मोटार दोनवरच ओढत राहिली. सगळ्या कॉइल सारख्याच काळवंडल्या असतील, तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी होतं. तीन फेजच्या पंपाला ४१५ व्होल्ट लागतात. नियमाने त्यात सहा टक्के इकडेतिकडे चालतं. मी मीटर घेऊन शेतावर गेलो तेव्हा रात्री ३४० सुद्धा पाहिले आहेत. व्होल्टेज एवढं पडलं की मोटारीची ताकद दोन तृतीयांशावर येते. पाणी मात्र तितक्याच खोलीतून उपसायचं असतं. मग मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि माझ्या दुकानात येते. माझ्या वहीत तारीख, गाव आणि जळण्याचं कारण लिहिलेलं असतं. निम्म्याहून जास्त पानांवर ही दोनच कारणं आहेत.

उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली की पेपरात एक ठरलेलं वाक्य येतं: लोकसंख्या वाढली, ऊन वाढलं, म्हणून ग्रिडवर ताण. उन्हाबद्दल आम्हाला कोणी शिकवायला नको. २००७ च्या जूनमध्ये चंद्रपूरचा पारा ४९ अंशांच्या घरात गेला होता. नवतपा म्हणजे काय, ते ब्रह्मपुरीच्या पत्र्याखाली बसून काम करणाऱ्याला विचारा. पण लोकसंख्येचं गणित आमच्यावर बसत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत चंद्रपूर जिल्हा जेमतेम साडेसहा टक्क्यांनी वाढला, गडचिरोली साडेदहा टक्क्यांनी. राज्य वाढलं १६ टक्क्यांनी. आणि ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी.

ठाण्याचं नाव उगाच घेतलं नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. तिथून एक तार निघते ती थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाते. ७५२ किलोमीटर लांब, पाच लाख व्होल्टची, १५०० मेगावॉट वाहून नेणारी. १९९९ पासून ती चालू आहे. माणसं वाढली तिकडे, कोळसा जळतो इकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातले अतिप्रदूषित औद्योगिक पट्टे मोजले, त्यात चंद्रपूर वरच्या नंबरांत होतं. २०१० च्या उन्हाळ्यात केंद्राला पाणी देणारं इरई धरण आटलं आणि संच बंद ठेवायची वेळ आली. तेच धरण चंद्रपूर शहराला पाणी पाजतं.

मुंबई-ठाण्याला वीज जाऊ नये, असं मी म्हणत नाही. आमचीच पोरं तिकडे खोल्या करून राहतात, त्यांच्या डोक्यावरचा पंखाही त्याच तारेवर फिरत असेल. माझं म्हणणं वेगळं आहे. पाच लाख व्होल्ट ७५२ किलोमीटर बिनबोभाट जातात, आणि ४१५ व्होल्ट डीपीपासून, म्हणजे गावच्या रोहित्रापासून, अर्ध्या किलोमीटरवरच्या धानाच्या बांधीपर्यंत पोचत नाहीत. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली, तोपर्यंतचा उच्चांक. ती भागवली गेली, त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं. पण त्याच आठवड्यात माझ्या दुकानापुढे मोटारींची रांग होती. वरचं ग्रिड उभं होतं, शेपूट जळत होतं.

इटियाडोहच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. धरण भरलं म्हणून टेलच्या गावाला पाणी मिळतंच असं नाही. मुखाशी पाट भरून वाहतो आणि टेलला बांधी भेगाळते. विजेलाही टेल असतं. फरक इतकाच की कालव्याच्या टेलला पाणी आलं नाही तर डोळ्यांना दिसतं. तारेच्या टेलला वीज येते, दिवा मिणमिणतो, पंखा रेंगाळतो आणि कागदावर गावाला पुरवठा चालू असतो.

हे टेल का जळतं, ते मला माझ्या बाकावरून जसं दिसतं तसं सांगतो. गोष्ट वाघापासून सुरू होते.

आमच्याकडे पूर्वी धानाचं एकच पीक. पाऊस आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव, यांवर ते निघायचं. आता बोअर झाल्या, उन्हाळी धान आलं. मार्च-एप्रिलात धान निसवायला लागतं, तेव्हा चार दिवस पाणी चुकलं की लोंब पोचट. पंपाची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आणि रात्रीच्या पाळीला शेतावर जायचं म्हणजे ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात जीव मुठीत धरून जायचं. इथे वाघ ताडोब्याच्या हद्दीत थांबत नाही. तो बांधावरून चालतो, बोडीवर पाणी प्यायला येतो. कोण जाईल रात्री बारा वाजता स्टार्टर दाबायला?

म्हणून शेतकरी पेटीत ऑटो बसवतो. लाईन आली की मोटार आपोआप सुरू. महावितरण दरवर्षी सांगतं की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा. बरोबर सांगतं. पण ऑटो आळसापोटी लागलेला नाही, भीतीपोटी लागला आहे. आणि तो बसवून देणारा बहुतेक वेळा मीच असतो.

आता रात्री लाईन येते तेव्हा काय होतं ते पाहा. एका डीपीवर पंधरा पंप. पंधराही ऑटोवर. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि इथे पंधराही मोटारी एकाच क्षणाला उठतात. व्होल्टेज कोसळतं. कोसळलं की मोटारी वेग घेत नाहीत आणि तो चढा करंट ओढतच राहतात. फ्यूज उडतो. दोनदा उडाला की कोणीतरी वैतागून फ्यूजच्या जागी जाड तार घालतो. मग फ्यूज उडायचा थांबतो आणि डीपीच जाते.

त्यात उन्हाची भर. डीपीतलं तेल दिवसा तापतं, रात्री निवायला हवं. मे महिन्यात आमच्या रात्रीच निवत नाहीत. आतल्या वेटोळ्यांवर कागदाचं वेष्टण असतं. ठरल्या मर्यादेपुढे दर सहा-आठ अंशांना त्या कागदाचं आयुष्य निम्म्यावर येतं. भार तोच असला तरी उन्हाळ्याची डीपी हिवाळ्याच्या डीपीपेक्षा लवकर म्हातारी होते.

गावात माणसं फारशी वाढली नाहीत, पण भार वाढला, तो असा. २०१७ च्या सौभाग्य योजनेनंतर उरलेल्या घरांत मीटर लागले, ते चांगलंच झालं. पण पुष्कळ ठिकाणी डीपी जुनीच राहिली. लोखंडी कूलर ताट्या आणि पंपासकट अडीचशे वॉटच्या आत भागतो. दीड टनाचा एसी दीड हजार वॉट घेतो. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर सव्वादोनशे कूलर चालतील, पण एसी चाळीसही नाही. तालुक्याच्या गावी नव्या वस्त्यांतून फिरून या आणि भिंतींवरचे डबे मोजा. एसी लावणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. ४६ अंशांत म्हातारी आई घरात असेल तर मीही लावीन. पण जोडणी देताना कागदावर एक भार आणि रात्री दहाला तारेत दुसराच, हे किती दिवस चालायचं?

दिल्लीकडचं ग्रिड २०१२ च्या ३० आणि ३१ जुलैला कोसळलं, त्याची जगभर बातमी झाली, चौकशी समिती नेमली गेली. एका गावाची डीपी जळते तेव्हा बातमी होत नाही. एका गावात डीपी जळाली तेव्हा नवी येईपर्यंत लोकांनी सहा रात्री अंगणात काढल्या. शेवटी वर्गणी काढून ट्रॅक्टर केला आणि डीपी स्वतः आणली. तोवर एका घरी धान निसवता निसवता वाळलं. त्या शेतकऱ्याने माझ्याकडे दिलेली मोटार नेलीच नाही. "आता काय कराचं जी तिचं?" म्हणाला. ती अजून दुकानात आहे.

आणखी एक गोष्ट इथे बोलली जात नाही. रानडुकरं धान उधळतात म्हणून काही जण रात्री तारेत करंट सोडतात. त्याने डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. तो गुन्हा आहे आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण रात्रीची वीज आणि रात्रीचं जंगल एकमेकांत गुंतलं की काय काय घडतं, हे मुंबईत बसून पाळ्यांचं वेळापत्रक आखणाऱ्याच्या ध्यानात यावं म्हणून सांगतो.

मग करायचं काय? पहिली मागणी साधी आहे. जंगलाला लागून असलेल्या गावांना शेतीची वीज दिवसाच द्या. राज्यभर सगळ्यांना एकदम जमणार नाही, हे समजतं. पण ज्याच्या बांधावर वाघ आहे त्याचा नंबर आधी लागावा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्या उन्हाने आम्हाला भाजलं तेच ऊन पंप चालवील, यासारखी चांगली गोष्ट नाही. अडचण अशी की सौर प्रकल्पाला मोकळी जमीन लागते, आणि गडचिरोलीत सगळीकडे जंगल. झाडं तोडून पॅनल लावण्यात अर्थ नाही. तिथे प्रत्येकाच्या शेतात सौर पंप हाच रस्ता. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. हे पंप आधी जंगलकाठच्या गावांत उतरू द्या.

दुसरी मागणी: तारेची लांबी कमी करा. २०१८ मध्ये राज्याने उच्चदाब वितरण प्रणाली आणली. एका-दोन पंपांना मिळून एक छोटं रोहित्र, म्हणजे लघुदाबाची लांबलचक तारच नको. ज्या शेतांत ती झाली तिथल्या मोटारी माझ्याकडे क्वचित येतात. माझ्या धंद्याला त्याहून वाईट योजना दुसरी नाही. ती वाढवा.

तिसरी: डीपीचा भार उन्हाळ्यात, रात्री दहा वाजता मोजा, आणि टेलच्या शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तापमानाचा आकडा रोज पेपरात येतो, तसा हाही आकडा गावाला कळू दे.

आणि एक काम आमचं आमच्याकडे. मागच्या उन्हाळ्याच्या आधी मी एका डीपीवरच्या अकरा शेतकऱ्यांना दुकानात बसवलं. म्हटलं, ऑटो काढा म्हणत नाही, पण प्रत्येकाच्या पेटीत टायमर घालतो. लाईन आल्यावर एकाची मोटार लगेच सुरू होईल, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, तिसऱ्याची चार मिनिटांनी. लगेच भांडण: पहिला कोण? शेवटी एका म्हाताऱ्या बाबाजींनी तोडगा काढला. "तलावाच्या पाण्याले पाणकर ठेवत होतो का नाही? मंग लाईनीलेबी पाणकर ठेवा." मालगुजारी तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं, हे गावाने नेमलेला पाणकर ठरवायचा. त्याच रीतीने चिठ्ठ्या टाकल्या, नंबर लागले, महिन्याला नंबर फिरवायचं ठरलं. त्या डीपीचा फ्यूज त्या उन्हाळ्यात एकदाच उडाला, तोही वादळात.

त्या अकरांपैकी एकाचीही मोटार मे महिन्यात माझ्याकडे आली नाही. मी त्यांच्या पानावर रेघ मारून ठेवली आहे. हा काही ग्रिडवरचा इलाज नव्हे. पातळ तार टायमरने जाड होत नाही, आणि अकरा माणसं जे करू शकतात ते एसीच्या वस्त्यांना आणि लांबच्या गावांना लागू पडेलच असं नाही. पण आम्ही आमच्या टोकाला एवढं केलं. वरच्या टोकाला बसलेल्यांनी आता खाली यावं आणि शेवटचा खांब पाहावा. वही दाखवायला मी तयार आहे. दुकान सकाळी नऊला उघडतं. आल्यावर बाहेरूनच आवाज द्या, कारण लाईन नसली तर घंटी वाजत नाही.